कांद्याच्या सालीचा पिवळा

५ मार्च

मामा,

नमस्कार. पाकीट बघून म्हणशील, हिला फोन करता येत नाही का? केला होता. तूच म्हणालास, "फोनवर शिकवलेलं फोन ठेवला की विरून जातं. काय ते लिहून पाठव, मी लिहून उत्तर देईन." म्हणून लिहायला बसले. शाळा सुटल्यावर एवढं लांबलचक पहिल्यांदाच लिहिते आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

तर अडचण अशी. मागच्या खोलीत माझा हातमाग आहे, लोकर मीच रंगवते, शाली मीच विणते, हे तुला ठाऊक आहे. आतापर्यंत ओळखीपाळखीत खपायच्या. आता फोटो टाकून विकायला लागले, तर गिऱ्हाईक विचारतं, "ही शाल आहे की पायपुसणं?" फोटो मी पलंगावर शाल पसरून, ट्यूबलाइट लावून काढते. खाली फुलाफुलांची चादर. आई म्हणते, "शालीपेक्षा चादरच उठून दिसते, तीच विक."

दरम्यान एक चांगली गोष्ट घडली आहे. एका मोठ्या दुकानाची खरेदी बघणाऱ्या बाईंना थंडीच्या मोसमासाठी हाताने रंगवलेल्या शाली हव्या आहेत. त्या फोटोंवरून निवड करतात. अट एकच, माल फोटोसारखा यायला हवा. नाही आला तर सगळा परत आणि पुढे नाव नाही. त्यांनी घेतलं तर हे काम धंदा म्हणून उभं राहील. नाही घेतलं, तर मी आणि ह्यांनी ठरवलंय की माग बंद करायचा आणि मी पुन्हा कुरियरच्या खिडकीवर पावत्या फाडायला जायचं.

माझा सगळा भरवसा पिवळ्या शालीवर आहे. कांद्याच्या सालीचा रंग. कोपऱ्यावरच्या खानावळीतून सालं आणते, तुरटीत भिजवलेली लोकर त्यात उकळते, आणि अंड्याच्या बलकासारखा भरदार पिवळा उतरतो. फोटोत मात्र तो भिंतीच्या जुन्या चुन्यासारखा दिसतो.

तू जन्मभर गालिचे, चपला, रंगाचे डबे यांचे फोटो काढत आलास. मला शिकव. तीन फोटो सोबत पाठवते आहे. रागावू नकोस.

आई विचारते, "आमचे धाकटे सरकार वेळेवर जेवतात का?"

तुझी
खारू


१२ मार्च

चि. खारूस आशीर्वाद.

फोटो पाहिले. रागावण्याजोगंही त्यांत काही नाही. तुझ्या फोनच्या भिंगावर तुझ्या बोटाचा ठसा आहे. तिन्ही फोटोंत उजळ भागाभोवती धुकं आलंय ते त्यामुळे. आधी भिंग पूस. पदराने नाही, चष्म्याच्या मऊ फडक्याने.

ट्यूब बंद कर. फ्लॅश विसर. घरात जी खिडकी उजेड देते पण थेट ऊन देत नाही, तिच्याशेजारी टेबल लाव. उजेड शालीवर समोरून नको, एका बाजूने, घसरत यायला हवा. तरच विणीचा प्रत्येक टाका उठतो. समोरून उजेड टाकलास की लोकर आणि पुठ्ठा यांत फरक राहत नाही. खिडकीच्या विरुद्ध बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता उभा कर, म्हणजे सावलीची बाजू काळी पडणार नाही. तक्ता शालीच्या जितका जवळ, तितकी सावली उजळ. अगदी जवळ आणू नकोस, सावली पुरती गेली तर शाल कागदी दिसते.

मागे पांढरी चादर. इस्त्री केलेली. भिंतीवर टांगून तीच टेबलावर उतरव, मध्ये घडी पडू देऊ नकोस. फोन वस्तूच्या नाकाला लावून फोटो काढू नकोस, चार पावलं मागे जा आणि मग मोठं कर, नाहीतर कडा फुगतात. एक फोटो पूर्ण शालीचा, एक घडीचा, एक काठाचा अगदी जवळून, आणि एक कोणाच्या तरी खांद्यावर, म्हणजे माप कळेल. हे चार फोटो नीट आले तर पाचव्याची गरज लागत नाही.

रंगाला तू हात लावू नकोस. फोटो जसे निघतील तसे मला पाठव, रंग मी बसवतो. मला हे कुणी शिकवलेलं नाही. माझा एकच नियम आहे: मागचं पांढरं कापड पांढरं दिसेपर्यंत फोटो दुरुस्त करायचा. पांढरं जागेवर बसलं की बाकीचे रंग आपोआप आपापल्या जागी येतात. हल्ली फोटो दुरुस्त करायच्या प्रोग्रॅममध्ये एक ड्रॉपर असतो. तो पांढऱ्यावर टेकवला की यंत्रच रंग ठरवून टाकतं. नवीन मंडळी तेच करतात. यंत्राला पांढरं काय कळणार? पांढरं डोळ्याला कळतं.

कागदाबद्दल क्षमस्व. दुकानदाराने या खेपेला पिवळट माल दिला आहे. बदलून घेतो.

ताईला सांग, सरकार जेवतात.

तुझा मामा


२९ मार्च

मामा,

जमलं! म्हणजे चौथ्या दिवशी जमलं. पहिल्या दिवशी थर्माकोल तीनदा पडला. मग ह्यांना धरून उभं केलं. हे म्हणाले, "मी दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो, घरी येऊन पुतळा होऊ का?" झाले. हात जरा खाली आला की मी ओरडायची, "वर!" आणि आई पलीकडून म्हणायची, "बिचाऱ्याला लिफ्टचं बटण समजलीस काय?"

खांद्यावरच्या फोटोला आईच बसली. "मान दिसली तर चालेल, हनुवटी घेऊ नकोस, तिला आता भाऊबंद झालेत," अशी अट घातली. पाळली.

तू दुरुस्त करून पाठवलेले फोटो मिळाले. विणीतला एकेक धागा मोजता येतोय. खरेदीच्या बाईंनी त्याच दिवशी कळवलं की पिवळी पसंत आहे, तीच दर्शनी काचेत लावणार. तीच, मामा! नमुन्याची शाल जूनपर्यंत द्यायची आणि बाकीचा माल सप्टेंबरअखेर.

एकच विचारते. फोटोतला पिवळा जरा उतरल्यासारखा वाटतो का? माझ्या डोळ्यासमोरची शाल बलकासारखी आहे, फोटोतली लिंबाच्या आतल्या पांढऱ्या सालीकडे झुकलेली. आईने फोटो बघितला आणि म्हणाली, "ही आपली नव्हे. हिला काविळीतून बरं केलेलं दिसतंय." आईचं सोड, पण मलाही थोडं तसं वाटलं. माझा फोन जुना आहे, त्याचंही असेल.

खारू


६ एप्रिल

चि. खारूस,

फोनचंच आहे. प्रत्येक पडदा आपापलं खोटं बोलतो. ताईचं तर सोडूनच दे, तिने लग्नात निवडलेली साडी मला अजून आठवते.

तरी शंका राहू नये म्हणून एक शाल मला टपालाने पाठव. वस्तू आणि फोटो शेजारी ठेवून बघेन. मी अंदाजाने बोलत नाही.

सध्या गालिचेवाल्याच्या नव्या नमुन्यांच्या पुस्तकाचं काम चाललंय. वर्षभराचं काम आहे, जवळजवळ सगळे फोटो माझेच. संध्याकाळी घरी येताना रस्त्यावरच्या नव्या दिव्यांचा फार त्रास होतो. कसले स्वस्तातले बल्ब लावलेत कोण जाणे, प्रत्येकाभोवती कडं दिसतं. नगरपालिकेला अर्ज दिला आहे.

कागद बदलून घेतला. हाही पिवळटच. आता त्या दुकानात जायचं नाही असं ठरवलं.

मामा


१८ एप्रिल

मामा,

शाल पाठवली आहे. मिळाली की कळव.

फोटो बघून दोघीतिघींनी फोनवरून मागवल्या होत्या. त्यातल्या एकीने परत पाठवली. चिठ्ठी होती, "फोटोत फिकट होती, ही भडक आहे." बाईंना नमुना द्यायचा आहे, म्हणून जीव टांगणीला लागलाय. एकच सांग. फोटो बरोबर की शाल?

खारू


२८ एप्रिल

चि. खारूस,

शाल मिळाली. खिडकीशी ठेवली. शेजारी तुझा फोटो छापून ठेवला, उत्तम कागदावर. सकाळी बघितलं, दुपारी बघितलं, ढग असताना बघितलं.

फोटो बरोबर आहे. शाल चुकली आहे.

वाईट वाटून घेऊ नकोस. वीण निर्दोष आहे, काठ सरळ आहेत, एकही गाठ वर आलेली नाही. पण रंग जळाला आहे. फोटोत ताजं लोणी आहे, हातातली शाल मधाच्याही पुढे गेली आहे. तू सालं जास्त घातलीस किंवा जास्त वेळ उकळलीस. रोज तेच पातेलं बघून डोळा मरतो, माणसाला आपलाच रंग कळेनासा होतो. हे मी खूप कारागिरांत पाहिलं आहे.

बाईंनी फोटो पसंत केला आहे. तेव्हा फोटोप्रमाणे माल कर. सालं निम्मी कर, वेळ कमी कर, फोटो समोर ठेव आणि जुळेपर्यंत उतरव.

मामा


३ जून

मामा,

उशीर झाला. कामात होते.

तू म्हणालास तसं केलं. सालं कमी केली, वेळ कमी केला, फोटो पातेल्याच्या वर खिळ्याला लावून ठेवला. नमुन्याची शाल फोटोशी जुळली. बाईंनी पसंत केली. तेव्हा त्याची काळजी नाही.

आता दुसरं सांगते. लिहू की नको असं आठ दिवस चाललं होतं.

तू दोन पत्रांत कागदाची तक्रार केलीस. मामा, तुझे कागद पिवळे नाहीत. पहिल्या पत्राचा नव्हता, दुसऱ्याचाही नव्हता. पांढरेशुभ्र आहेत. मला वाटलं माझं काही चुकत असेल, म्हणून ह्यांना दाखवला, आईला दाखवला. वाण्याच्या दुकानात नेऊन साखरेशेजारी धरला. पांढरा.

मग काल मी तुझं न ऐकता तो ड्रॉपर वापरला. मी काढलेल्या मूळ फोटोत, मागच्या चादरीवर टेकवला. शाल बलकासारखी दिसली. हातातल्या पहिल्या शालीसारखी, अगदी तशीच.

दिव्यांभोवती कडी आम्हाला दिसत नाहीत. तुमच्याकडचे दिवे वेगळे असतील, असूही शकतं. पण तू एकदा डोळे दाखवून ये ना. एवढंच. मी काही म्हणत नाहीये.

खारू


१० जून

चि. खारूस,

पत्र मिळालं.

मी तीस वर्षं या डोळ्यांवर भाकरी खाल्ली आहे. शाळा अर्धवट सोडली, कुणाचा शागीर्द झालो नाही, कुठल्या वर्गाला गेलो नाही. जे आहे ते हे दोन डोळे आहेत. त्यांची परीक्षा किराणा दुकानात, साखरेशेजारी होईल असं वाटलं नव्हतं.

ड्रॉपर चांगला वाटत असेल तर ड्रॉपर वापर. तुझे उरलेले फोटो दुरुस्त न करता परत पाठवतो आहे. तुझी शालही.

नमुना पसंत झाला आहे, म्हणजे माझं काम संपलं.

मामा


२४ जुलै

बाबा रे,

मी तुझी बहीण. माझं पत्र तुला शेवटचं कधी आलं होतं हे तू आठवत बसू नकोस, मलाही आठवत नाही. पोरीला न सांगता लिहिते आहे. ती बाजारात गेली आहे, तेवढ्या वेळात संपवायचं आहे, तेव्हा मध्ये बोलू नकोस.

"नमुना पसंत झाला, काळजी नाही," असं तिने तुला लिहिलं. पुढचं लिहिलं नाही. ते मी लिहिते.

तो नमुना जुळवायला तिने किती लोकर वाया घालवली ते मला विचार. निम्मी सालं टाकली की गडद होई, पाव टाकली की मळकं होई. मी म्हटलं, "अगं, पहिली होती तीच चांगली होती." तर म्हणाली, "मामा म्हणतो शाल चुकली, म्हणजे चुकलीच असणार. त्याला कळतं." तो फोटो खिळ्याला टांगून त्याच्याकडे बघत पातेलं ढवळत बसायची. मोठी झाली, लग्न झालं, तरी मामा म्हटलं की हिची अक्कल गहाण.

शेवटी एक शाल जुळली. पण गंमत अशी आहे बाबा, की पातळ रंग दर वेळी सारखा उतरत नाही. भरपूर सालं घातली की लोकर पिऊन पिऊन थांबते आणि सगळ्या शाली एका रंगाच्या निघतात. चिमूटभर घातली की जी लट आधी बुडली ती जास्त पिते, मागची उपाशी राहते. आता तिच्याकडे शालींचा जो ढीग आहे त्यात एक पांढुरकी, एक हिरवट, एक चट्ट्याचट्ट्यांची. बाईंनी मध्येच तीन मागवून बघितल्या आणि कळवलं, "तीन शालींचे तीन चेहरे आहेत. सप्टेंबरअखेर एकसारखा माल आला नाही तर विषय संपला." पोर तेव्हापासून कुरियरवाल्यांच्या जाहिराती वाचते आहे.

आणि इतकं होऊन तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द बोललेली नाही. बोलली असती तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

तू लहानपणी कपाटाच्या काचेवर नाक आपटलंस. रक्त आलं. आणि म्हणालास, "काच चुकीच्या जागी आहे." सगळे हसलो. मीही हसले, तेच चुकलं. तेव्हाच एक धपाटा घालायला हवा होता.

डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. मी येऊन हाताला धरून नेऊ का? नेईन. रस्त्यात तुझी ओळखीची माणसं भेटतील, त्यांना सांगेन कुठे नेते आहे ते.

तुझी ताई


१६ सप्टेंबर

चि. खारूस,

मधे लिहिलं नाही. लिहिण्यासारखं पक्कं काही हाती नव्हतं.

ताईचं पत्र आल्यावर डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर बाई तुझ्याहून लहान असेल. तिने भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचायला लावली. मी सांगितलं की तक्त्याची छपाई खराब आहे, शाई पसरली आहे. ती म्हणाली, "काका, तक्ता मागच्याच महिन्यात आलाय." मग बराच वेळ दोन्ही डोळ्यांत दिवा धरून बघत होती. मोतीबिंदू. दोन्हीकडे, डावा जास्त. ती म्हणाली की डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, इतकं सावकाश की माणसाला पत्ता लागत नाही. त्याला वाटतं जगच पिवळं पडत चाललंय.

मागच्या आठवड्यात डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. जुनं भिंग काढून नवं बसवलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर पहिली वस्तू दिसली ती हात धुवायचं भांडं. ते पांढरं होतं. इतकं पांढरं की त्यात निळी झाक वाटली. घरी येऊन बनियन बघितले. वर्षभर मी धोब्याशी भांडतोय. सगळे स्वच्छ आहेत. तुला लिहिलेल्या पत्रांचे उरलेले कागद बघितले. तू म्हणालीस तसेच आहेत.

जूनमध्ये तुझी शाल परत पाठवतो असं लिहिलं होतं. पाठवली नव्हती, इथेच होती. ती टेबलावर पसरली, शेजारी मी दुरुस्त केलेला फोटो ठेवला. उजवा डोळा मिटून नव्या डाव्याने बघितलं. शाल बलकाच्या रंगाची आहे, फोटो निळसर आणि आजारी आहे. मग डावा मिटून जुन्या उजव्याने बघितलं. फोटो लोणी, शाल मधापलीकडे. मी एप्रिलमध्ये लिहिलेलं प्रत्येक वाक्य त्या डोळ्यापुरतं बरोबर होतं. मागचं कापड मला पिवळं दिसायचं, ते पांढरं करण्यासाठी मी फोटोत निळं ओतत होतो. दिसण्याशी मी प्रामाणिक होतो. चूक ड्रॉपरला हसण्यात होती.

गालिचेवाल्याकडे गेलो. त्याच्या पुस्तकाची छापलेली पानं समोर ठेवली.

"या रंगांत चूक आहे," मी म्हणालो. "सगळे निळे पडलेत. मी पुन्हा करून देतो. पैसे नकोत."

तो म्हणाला, "हो, माहीत आहे. बसा."

"माहीत आहे म्हणजे?"

"छापखान्यात सांगून ठेवलंय. तुमचे फोटो आले की ते पिवळं थोडं वाढवतात. गेल्या वर्षीपासून."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला?" तो म्हणाला. हसला नाही. पाणी मागवलं.

तिथून रंगाच्या दुकानात गेलो, चपलावाल्याकडे गेलो. शब्द वेगळे, उत्तर तेच. सगळ्यांनी मला सांभाळून घेतलं होतं. सांगितलंस तू एकटीने, आणि तुला मी काय उत्तर दिलं ते माझ्यासमोर नाही, तुझ्याकडे आहे. ते फाडून टाक असं म्हणायचा मला अधिकार नाही.

आता कामाचं. तुझ्या खरेदीच्या बाईंना मी काल पत्र लिहिलं. तुला न विचारता. त्यात लिहिलं आहे की फोटो चुकीचा होता आणि तो चुकवणारा मी, शाल पहिल्यापासून बरोबर होती, आणि कारागिराने माझ्या चुकीशी जुळवायला आपला रंग मोडला. सोबत तुझी पहिली शाल पाठवली आहे आणि फोटो ड्रॉपरने दुरुस्त केलेला. त्या काय करतील ते मला माहीत नाही. फोटो एक पाठवला आणि माल दुसराच दाखवला, असं म्हणून त्यांनी नकार दिला तर तो त्यांच्या अटीत बसतो.

तोवर तू तुझा मूळ पिवळा उतरव. सालं पहिल्याइतकी. खिळ्याचा फोटो काढ.

उजव्या डोळ्याची तारीख चौदा ऑक्टोबर आहे. ताईला सांग, एकटा गेलो होतो.

मामा


२ ऑक्टोबर

मामा,

बाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, "असं पत्र मला आजवर कोणी लिहिलेलं नाही. माल देणारे लोक चूक आमच्या डोळ्यांची काढतात." मी नुसती हूं हूं करत होते. शाल त्यांनी दुकानाबाहेर नेऊन उन्हात बघितली म्हणे. काचेतली जागा मात्र गेली. मधल्या गोंधळात त्यांनी ती दुसऱ्या कोणाच्या निळ्या शालींना देऊन टाकली. आपला माल आतल्या फळीवर लागेल, आणि तोही एकसारखा असला तर. खपला तर पुढच्या मोसमात काचेचं बघू म्हणाल्या. आणि यापुढे फोटोच्या आधी शाल पाठवायची.

एकसारखा झाला. न विणलेली फिकी लोकर सगळी पुन्हा पातेल्यात घातली, भरपूर सालं घालून. कसली प्यायली! दर लटेला तोच रंग. विणून झालेल्या फिक्या शाली गरम पाण्यात घालायची हिंमत झाली नाही, आकसल्या असत्या. त्या आईने शेजारणींना वाटल्या. "मामाच्या डोळ्याच्या शाली" म्हणून सांगते. मी गप्प राहायला सांगितलं, पण तिला तू ओळखतोस. परवा माल रवाना केला. खांद्याला अजून कळ आहे. कुरियरच्या खिडकीवर गेले होते खरी, पण गठ्ठे द्यायला.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. तुझा डोळा चुकत असेल हे मला मे महिन्यातच वाटलं होतं, कागदांवरून. तरी मी तीन आठवडे रंगच बदलत राहिले. तुला सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. तेव्हा ते जूनचं उत्तर मी ठेवलंय, फाडणार नाही, पण रोज काढून वाचत नाही.

आता एक मागते. उजवा डोळा अजून जुना आहे ना? डावा नवा आहे. म्हणजे आत्ता तुला दोन्ही दिसतं, आम्हाला दिसतं ते आणि तुला दिसायचं ते. चौदा तारखेनंतर दिसणार नाही. मी ते पातेलं महिनाभर ढवळलं, कशाशी जुळवत होते ते मला कळलंच नाही. तुला माझी पिवळी शाल कशी दिसत होती, त्याचा एक फोटो करून पाठवशील? त्यासाठी एक शाल वेगळी पाठवते आहे. ती परत नकोय.

ती ऑपरेशनला तुझ्यासोबत येणार आहे. आई. तिकीट काढून झालंय, माझ्याकडे बघू नकोस.

खारू


१५ ऑक्टोबर

चि. खारूस आशीर्वाद.

सोबत पुठ्ठ्याच्या पाकिटात फोटो आहे. दुमडू नये म्हणून ताईने दोन्ही बाजूंना माझ्याच जुन्या छापील पानांचे तक्ते लावले आहेत.

तो कसा केला ते लिहितो. शाल खिडकीशी तुला सांगितली होती तशी मांडली. मागे चादर, समोर तक्ता. फोटो काढून ड्रॉपरने आधी खरा रंग बसवला. मग डावा डोळा मिटायचा, उजव्याने शालीकडे बघायचं, रंग लक्षात धरायचा. उजवा मिटायचा, डाव्याने पडद्यावरचा फोटो तसा होईपर्यंत पिवळं आणि तपकिरी वाढवत न्यायचं. पुन्हा शाल, पुन्हा पडदा. रंग लक्षात राहण्याचा अवधी फार थोडा असतो, मान वळवेपर्यंत निसटतो. चार दुपारी गेल्या. एकदा फोटो पुरा झाला असं वाटलं, तेव्हा लक्षात आलं की मी चादर पांढरी ठेवली आहे. सवय. त्या डोळ्याला चादर तशी दिसत नव्हती. तीही पिवळी केली. आता ती जुन्या वर्तमानपत्रासारखी आहे. काठाकडच्या सावलीत तुझी वीण बुडाली आहे, तीही बुडू दिली, कारण मला दिसत नव्हती. एप्रिलमध्ये मी "एकही गाठ वर आलेली नाही" असं लिहिलं होतं. नव्या डोळ्याने बघितल्यावर या शालीत दोन सापडल्या. डाव्या काठाला. पुढच्या विणीत बघून घे.

या फोटोवर कोणी शाल विकत घेणार नाही. मी आजवर केलेल्या कामात याच्याइतकं काटेकोर दुसरं नाही.

काल उजव्या डोळ्याचं झालं. ताई दवाखान्यात बाकावर बसून सगळ्यांना माझ्या नाकाची आणि काचेची गोष्ट सांगत होती. आज सकाळी पट्टी निघाली. दोन्ही डोळ्यांनी सारखं दिसतं.

पाकीट बंद करण्याआधी सवयीने फोटो शालीशेजारी धरून तपासायला गेलो. तो बरोबर आहे की नाही हे आता मलाही सांगता येत नाही. तुला माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा लागेल.

मामा